घरी सफरचंद भरलेली बिस्किटं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या बिस्किटांबद्दल येणारे प्रश्न वरवर वेगळे दिसतात. कुणाची बिस्किटं फुटतात, कुणाची तळाशी कच्ची राहतात, कुणाची दुसऱ्या दिवशी नरम पडतात. पण बहुतेकांचं मूळ एकच असतं : सारणात राहिलेलं पाणी. म्हणून चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोठं आहे. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर निदान तेवढं वाचा.

१. साधारण दोन डझन बिस्किटांसाठी काय आणि किती लागतं?

पारीसाठी : मैदा २५० ग्रॅम, थंड बिनमिठाचं बटर १२५ ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, एका अंड्याचा पिवळा बलक, थंड दूध १ मोठा चमचा, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

सारणासाठी : मध्यम आकाराची ३ सफरचंदं (अख्खी साधारण ५५० ग्रॅम, साल आणि गाभा काढून ४३० ग्रॅमच्या आसपास), साखर ६० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, बटर १० ग्रॅम, दालचिनीची पूड पाव छोटा चमचा, हवं असेल तर थोडं जायफळ.

मोठा चमचा म्हणजे १५ मिलि, छोटा चमचा ५ मिलि. एवढ्यात २० ग्रॅम पारी आणि ८ ग्रॅम सारण अशी २४ बिस्किटं होतात. घरातल्या वाट्या लहानमोठ्या असतात आणि मैदा दाबून भरला की एका वाटीत सहज वीस-तीस ग्रॅम जास्त मावतो. म्हणून या पदार्थासाठी वजनकाटा घ्याच. पुढे सारणासाठीही तोच लागणार आहे.

२. कोणती सफरचंदं घ्यावीत? सिमल्याची, काश्मिरी की वॉशिंग्टन?

आपल्याकडे हिमाचलची सफरचंदं जुलै-ऑगस्टपासून यायला लागतात. काश्मीरचा मुख्य माल सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि पुढे शीतगृहातला माल वसंतापर्यंत मिळत राहतो. त्यातली बरीचशी डिलिशस जातीची असतात, म्हणजे गोड आणि आंबटपणा बेताचा. ती चालतात, पण लिंबू वगळू नका. लिंबाशिवाय हे सारण नुसतं गोड लागतं आणि त्याला सफरचंदाची चव उरत नाही.

हिरवी ग्रॅनी स्मिथ मिळाली तर एक हिरवं आणि दोन लाल असं मिश्रण उत्तम. सगळी हिरवी घेतली तर साखर २० ग्रॅम वाढवा आणि लिंबू निम्मं करा.

ठेवून ठेवून पिठूळ झालेली सफरचंदं खायला कंटाळवाणी असली तरी इथे वाया जात नाहीत. ती लवकर विरघळतात आणि सारण एकजीव होतं. आतून तपकिरी पडलेली किंवा आंबूस वास येणारी मात्र घेऊ नका.

३. सफरचंद किसायचं, चिरायचं की मिक्सरमधून काढायचं?

साल काढून, गाभा आणि बिया टाकून, जाड किसणीवर किसा. मोठे तुकडे शिजले तरी त्यांच्या आत पाणी राहतं. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती पारी फोडते. मिक्सरमधला लगदा चालतो, पण तो आटताना अंगावर उडतो आणि खाली पटकन लागतो. तोंडात फळाचे कण यायला हवे असतील तर एका सफरचंदाचे ज्वारीच्या दाण्याएवढे बारीक तुकडे करा आणि दोन किसा.

साल ठेवू नका. पातळ पारीत ती चिवट लागते, शिवाय दुकानातल्या बऱ्याच सफरचंदांवर मेणाचा थर असतो.

४. सारण कसं शिजवायचं? ते झालं हे नेमकं ओळखायचं कसं?

रुंद आणि जाड बुडाचं स्टीलचं किंवा नॉनस्टिक भांडं घ्या. लोखंडी कढई नको. सफरचंद आणि लिंबू दोन्ही आंबट असल्यामुळे सारण काळं पडतं आणि त्याला लोखंडाची चव येते. भांड्याचं रिकामं वजन आधी करून लिहून ठेवा.

बटर वितळलं की कीस आणि लिंबाचा रस घाला, झाकण ठेवून मंद आचेवर ५-६ मिनिटं मऊ होऊ द्या. मग साखर घाला. साखर पडताच पाणी सुटेल आणि सगळं बिघडलं असं वाटेल, तसं काही झालेलं नसतं. आता झाकण काढून मध्यम ते मंद आचेवर ढवळत आटवा. रुंद भांड्यात यापुढे १५ ते २० मिनिटं लागतात. शेवटच्या पाच मिनिटांत हात थांबवू नका. दालचिनी आणि जायफळ गॅस बंद केल्यावर घाला, आधी घातलं तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो.

झालं की नाही ते पाहायच्या तीन खुणा आहेत :

पहिली, वजन. ४३० ग्रॅम किसापासून सुरुवात केली असेल तर भांड्याचं वजन वजा जाता सारण २०० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. २५० ग्रॅमला थांबलात तर ते दिसायला दाट असतं, पण बिस्किटात पाणी सोडतं. डोळ्यांना हा फरक कळत नाही, काट्याला कळतो.

दुसरी, वाट. उलथन्याने भांड्याच्या तळावर रेघ ओढा. ती तीन सेकंद तरी भरून येता कामा नये.

तिसरी, थंड ताटली. एक छोटा चमचा सारण फ्रीजमधल्या ताटलीवर ठेवून दोन मिनिटं थांबा. कडेने पाण्याची कड दिसली तर अजून आटवा.

जॅमसाठी वापरतात तो थर्मामीटर इथे फारसा कामाचा नाही. १०४-१०५ अंश सेल्सिअसचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. पुण्यात पाणीच सुमारे ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे तिथे तीच अवस्था १०२-१०३ अंशांना येते. शिवाय दाट सारणात थर्मामीटरचं टोक कुठे आहे त्यावर आकडा बदलतो. काट्यावर विश्वास ठेवा.

सारण ताटात पसरून पूर्ण गार करा. आदल्या रात्री करून ठेवलंत तर सगळ्यात चांगलं. गार झाल्यावर त्याची गोळी वळता आली पाहिजे.

५. साखर कमी केली किंवा गूळ घातला तर?

सारणात गूळ छान लागतो. ६० ग्रॅम साखरेऐवजी तेवढाच किसलेला गूळ घाला. रंग गडद होतो आणि दालचिनीपेक्षा जायफळ जास्त शोभतं. पारीत मात्र पिठीसाखरच ठेवा. गुळामुळे पारी लवकर काळवंडते आणि भाजताना पसरते.

सारणातली साखर ३० ग्रॅमपर्यंत खाली आणता येते. मात्र साखर पाणी धरून ठेवते आणि टिकवायचं कामही करते. ती कमी झाली की सारण १७० ग्रॅमपर्यंत आटवावं लागतं आणि बिस्किटं दोन दिवसांत संपवावी लागतात. साखर अजिबात न घालता केलेली बिस्किटंही मधुमेहाचं पथ्य होत नाहीत, कारण आटवलेल्या सफरचंदात फळाची साखर एकवटलेली असते आणि बाहेर मैदा आहेच.

६. पारीचं पीठ कसं करायचं? पोळीच्या कणकेसारखं मळायचं का?

मळायचं नाही. मळलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, मग पारी लाटताना आखडते आणि भाजल्यावर खुसखुशीत न होता कडक होते.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ चाळून घ्या. फ्रीजमधल्या बटरचे लहान तुकडे त्यात टाकून बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, त्यांच्या उबेने बटर वितळतं. जाड रव्यासारखं दिसलं की पिठीसाखर मिसळा. बलक आणि दूध फेटून घाला आणि पीठ फक्त गोळा करून आणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गोळा होत नसेल तर दूध एकेक छोटा चमचा वाढवा, एकदम ओतू नका. इटलीत पास्ता फ्रोला म्हणतात त्याच घराण्यातलं हे पीठ आहे.

दोन सेंटीमीटर जाडीची चपटी वडी करून, झाकून, फ्रीजमध्ये ४५ मिनिटं ते एक तास ठेवा. गोल उंडा ठेवला तर बाहेरून दगड आणि आतून मऊ राहतो. या वेळात बटर घट्ट होतं आणि मैद्यात ओलावा सारखा मुरतो, म्हणून ही पायरी टाळता येत नाही.

दाणेदार साखर वापरू नका. पिठात तिला विरघळण्याएवढं पाणीच नसतं, मग बिस्किटावर तपकिरी ठिपके पडतात.

७. अंडं नको असेल तर?

बलक वगळा आणि दूध एकूण अडीच मोठे चमचे घ्या. बलकातली चरबी गेल्यामुळे पारी किंचित कोरडी होते, म्हणून १० ग्रॅम बटर वाढवा. चवीत फरक थोडा, रंगात जास्त : वरून दूध आणि चिमूटभर साखर यांचं मिश्रण लावलं तर तोही भरून निघतो.

८. घरात मीठ असलेलं पिवळं बटर आहे. चालेल?

चालतं, पण पाककृतीतलं मीठ गाळा. १२५ ग्रॅम सगळं खारट बटर घेतलं तर मीठ जाणवतं. निम्मं खारट आणि निम्मं बिनमिठाचं हे प्रमाण बहुतेकांना आवडतं.

९. बटरऐवजी साजूक तूप?

बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतं. म्हणून १२५ ग्रॅम बटरऐवजी १०० ग्रॅम थिजलेलं तूप आणि एक ते दीड मोठा चमचा जास्तीचं दूध घ्या. चव फार सुंदर येते, नानकटाईच्या जवळ जाणारी. पण पीठ भुसभुशीत होतं आणि गोळा बंद करताना चिरतं. तुपाचं पीठ असेल तर प्रश्न ११ मधली दोन चकत्यांची पद्धत वापरा. पातळ तूप नको, त्यात पीठ तेलकट होऊन फतकल मारतं.

१०. मैद्याऐवजी गव्हाचं पीठ?

निम्मा मैदा, निम्मी कणीक इथपर्यंत चांगलं जमतं. एक मोठा चमचा दूध वाढवा आणि पीठ पूर्ण एक तास फ्रीजमध्ये ठेवा, कारण कोंडा पाणी हळूहळू पितो. सगळी कणीक घातली तर पारी आकार देताना तुटते आणि भाजल्यावर कडक लागते. बाजरी, नाचणीची पिठं पाव भागापेक्षा जास्त घालू नका.

११. सारण भरायचं कसं?

तीन पद्धती आहेत.

गोळा : २० ग्रॅमचा उंडा तळहातावर दाबून ७ सेंटीमीटरची पारी करा, मध्ये जाड, कडेला पातळ. ८ ग्रॅम सारणाची गोळी मध्ये ठेवा, कडा वर ओढून बंद करा, जोड खाली ठेवून दीड सेंटीमीटर जाडीपर्यंत हलके दाबा. पुरण भरायचा सराव असलेल्या हाताला हे पहिल्याच घाण्यात जमतं. फक्त इथे पीठ ताणत नाही, म्हणून कडा ओढण्यापेक्षा ढकलत न्या.

दोन चकत्या : पीठ दोन बटर पेपरमध्ये ठेवून ४ मिलिमीटर जाड लाटा, साडेपाच सेंटीमीटरच्या झाकणाने चकत्या कापा. एकीवर सारण, कडेला बोटाने दुधाचा हात, वर दुसरी चकती, मग काट्याने कडा दाबा. करंजीचं कातणं फिरवलं तर कड सुबक दिसते आणि जोडही घट्ट बसतो.

लांब वळकटी : ८ सेंटीमीटर रुंद पट्टीवर सारणाची वात ठेवा, पट्टी गुंडाळा, जोड खाली, ४ सेंटीमीटरचे तुकडे. सगळ्यात जलद. टोकं उघडी राहतात, त्यामुळे सारण पुरेसं आटलेलं हवंच.

तिन्ही प्रकारांत वर दाताच्या काडीने दोन भोकं पाडा. वाफेला वाट हवी.

१२. भट्टीत बिस्किटं फुटतात आणि सारण बाहेर येतं. का?

कुठे फुटतात ते पाहा, कारण तिथेच कळतं.

जोडाशी उघडत असतील तर जोडाला कोरडा मैदा किंवा सारण लागलेलं होतं. लाटताना कमीत कमी मैदा वापरा, आणि कडेला लागलेलं सारण पुसून मग बंद करा. डोक्यावर तडा जात असेल तर पीठ कोरडं आहे किंवा बेकिंग पावडर जास्त पडली आहे. अर्धा छोटा चमचा म्हणजे सपाट, शिगोशीग नव्हे. सगळीकडून सारण ओघळत असेल तर ते ओलं आहे (प्रश्न ४) किंवा गरम असताना भरलं आहे. कोमट सारणाने आतल्या बाजूचं बटर भट्टीत जायच्या आधीच वितळतं आणि पारी तिथे कमकुवत होते.

भरून झालेली बिस्किटं ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. एवढ्या एका गोष्टीने निम्मी फुटणं थांबतं.

१३. ओटीजीत किती तापमानाला आणि किती वेळ?

१७० अंश, मधला कप्पा, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड, २० ते २४ मिनिटं. आधी १५ मिनिटं रिकामा तापवा. पंखा चालू असेल तर १६० अंश. घरगुती ओटीजीची आकड्यांची चकती आणि आतलं खरं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सर्रास असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर विकत मिळतो, तो घेण्याजोगा आहे.

वेळेपेक्षा रंग पाहा : कडा सोनेरी, वरचा भाग फिका बदामी, आणि एक उलटून पाहिलं तर तळ कडांपेक्षा किंचित गडद. बाहेर काढल्यावर ती मऊ लागतात, म्हणून परत आत ढकलू नका. ट्रेवर ५ मिनिटं, मग जाळीवर. ताटात ठेवली तर खाली वाफ धरते आणि तळ ओला होतो.

१४. ओव्हन नाही. कढई, कुकर, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर?

जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये तळाला मीठ किंवा रिंग, झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. कुकर असेल तर पाणी नाही, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलेली. वरून उष्णता नसल्याने माथा पांढरट राहतो. शेवटची पाच मिनिटं उलटून घ्या, किंवा फिका रंग स्वीकारा, चवीला काही कमी नसतं.

एअर फ्रायरमध्ये १६० अंश, १२ ते १४ मिनिटं, एका वेळी एकच थर. पंखा जोराचा असतो, म्हणून बिस्किटांखालचा कागद त्यांच्यापेक्षा मोठा ठेवू नका.

मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन मोडवर असेल तरच. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये सारण उकळतं आणि पारी रबरी होते.

१५. वरून रंग येतो, पण तळ कच्चा आणि ओला राहतो.

सारण नीट आटलेलं असूनही असं होत असेल तर ट्रे बदलून पाहा. चकचकीत पांढरा ट्रे उष्णता परावर्तित करतो, गडद ट्रे लवकर भाजतो. एक कप्पा खाली सरकवा आणि शेवटची चार मिनिटं फक्त खालचा रॉड ठेवा. उलट तळ करपत असेल तर दोन ट्रे एकात एक घाला. बटर पेपर म्हणून कधीकधी मेणकागद मिळतो, तो ओव्हनमध्ये धुरकटतो. पाकिटावर बेकिंगसाठी असं लिहिलेलं बघून घ्या.

१६. पहिल्या दिवशी खुसखुशीत, दुसऱ्या दिवशी मऊ. काय चुकतं?

काहीच नाही. सारणात पाणी जास्त आणि पारीत कमी, त्यामुळे ओलावा बाहेरच्या दिशेने सरकत राहतो. घरी हे थांबवता येत नाही, फक्त सावकाश करता येतं : सारण जास्त आटवून, पारी दोन मिनिटं जास्त भाजून, आणि डबा बंद करण्याआधी बिस्किटं पूर्ण गार करून. हवं तेव्हा १५० अंशांवर ५-६ मिनिटं गरम करा, पारी पुन्हा खुसखुशीत होते. पुष्कळांना दुसऱ्या दिवशीची, किंचित मुरलेली बिस्किटंच जास्त आवडतात, आणि त्यात तथ्य आहे. दालचिनी तोवर पारीतही उतरलेली असते.

१७. किती दिवस टिकतात? आधी करून ठेवता येतील का?

गच्च झाकणाच्या डब्यात बाहेर ३ दिवस. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात २ धरा. फ्रीजमध्ये आठवडाभर, खाण्यापूर्वी गरम करून. नुसतं सारण स्वच्छ बरणीत फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं.

पाहुण्यांसाठी आधी करायची असतील तर कच्चीच फ्रीझ करा. भरलेली बिस्किटं ट्रेवर दोन तास फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगली राहतात. भाजताना सुटी करून थेट भट्टीत, ४-५ मिनिटं जास्त. आधी बाहेर काढून ठेवू नका, वर दव धरतं आणि पारी चिकट होते.

१८. एप्रिल-मेमध्ये पीठ हाताला चिकटतं, जमतच नाही.

बटर ३२-३५ अंशांना वितळतं. नागपूर-अकोल्याकडे दुपारचं स्वयंपाकघर त्याहून गरम असतं, तेव्हा पिठाकडून अपेक्षा तरी काय करणार. सकाळी लवकर करा. मैदाही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. पिठाचे चार भाग करून एका वेळी एकच बाहेर काढा. चिकटतं म्हणून मैदा मिसळत जाणं हा उपाय नाही, त्याने बिस्किटं कोरडी होऊन तडकतात. पीठ परत फ्रीजमध्ये ठेवा, दहा मिनिटं पुरतात.

१९. पारी तयार आहे आणि आत्ता लक्षात आलं की सारण पातळ आहे. कॉर्नफ्लॉवर घालू?

वेळ असेल तर सारण परत गॅसवर चढवा, पीठ फ्रीजमध्ये थांबू शकतं. कॉर्नफ्लॉवरने सारण घट्ट दिसतं, पण पाणी तिथेच असतं आणि रात्रभरात पारीत उतरतं. अगदीच घाई असेल तर कोरडा खमंग भाजलेला बारीक रवा किंवा बिस्किटांचा चुरा, २०० ग्रॅमला दोन छोटे चमचे, मिसळून दहा मिनिटं थांबा. त्याच दिवशी खाऊन टाका.

२०. सारणात मनुका, अक्रोड किंवा दुसरं फळ?

मनुका बारीक चिरून ३० ग्रॅमपर्यंत. अक्रोड भाजून आणि भरडून, तोही तेवढाच, आणि सारण गार झाल्यावर. नासपती याच रीतीने होते, पण पाणी जास्त सुटतं, आटवायला दहा मिनिटं वाढवून धरा. पेरूचा गर बिया गाळून घेतला तर सफरचंदापेक्षा लवकर घट्ट होतो, कारण त्यात पेक्टिन भरपूर असतं. अननस आणि कच्च्या आंब्याला साखरेचं गणित पूर्ण वेगळं लागतं. वरची मापं त्यांना लावू नका.

२१. दिवाळीच्या फराळाबरोबर बाहेरगावी किंवा परदेशी पाठवता येतील?

चकली, शंकरपाळे कोरडे असतात, म्हणून आठवडाभराचा प्रवास सोसतात. या बिस्किटांत ओलं फळ आहे. एका रात्रीच्या प्रवासाला हरकत नाही : सारण १७०-१८० ग्रॅमपर्यंत आटवा, वळकटीपेक्षा बंद गोळ्याचा आकार घ्या, डब्यात थरांमध्ये बटर पेपर घाला. परदेशी कुरिअरने पाठवू नका. तिकडच्या मंडळींना वरची मापं पाठवा. त्यांच्याकडे ओव्हन घरोघरी असतो आणि आंबट सफरचंदंही सहज मिळतात.